मानसीच्या नावाचं मैदान

हैबतीने देवळाखालच्या आपल्या खाचरात पहिल्यांदा वाल पेरले तेव्हा मानसी सहावीत होती. आमच्याकडे भात कापून झालं की शेतं कुणाचीच नसतात. गुरं मोकळी सुटतात, पोरं स्टंप रोवतात, बायका मोळ्या घेऊन आडव्या वाटा पाडतात, आणि पाऊस येईपर्यंत कुणी कुणाला हटकत नाही. त्या खाचरात आमच्या बौद्धवाडीतल्या पोरी फुटबॉल खेळायच्या. कापलेल्या भाताच्या सडांतून चेंडू सरळ जातच नाही, म्हणून मानसीला तो पायाला चिकटवून न्यायची सवय लागली. पुढे पेपरवाल्यांनी त्या सवयीला मोठमोठी नावं दिली.

चेंडू हैबतीच्या अंगणात गेला तर तो कधी उचलून देत नसे. आमच्या पोरींच्या हातातला चेंडू ना तो. पायाने ढकलायचा, तोही तोंड फिरवून. म्हणजे गावातला पहिला फुटबॉल खेळणारा माणूस बघायला गेलं तर हैबतीच.

मग पोरींच्या हाफ पँटीवरून देवळात बोलणं झालं. त्या वर्षी हैबतीने खाचराला काटेरी तार ओढली आणि वाल पेरले. वाल काही धड आले नाहीत, अर्धे माकडांनी खाल्ले. त्याला वाल हवे होतेच कुठे. तार हवी होती.

मी मानसीच्या शेजारची. तिची आई उज्वला आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या वाडीत आलो, कापड्याहून आत, जिथे एसटी मनात आलं तर येते. तेव्हा हे सगळं मी कुणाकडून ऐकलेलं नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे, आणि अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

तार आल्यावर पोरी वहाळाच्या कोरड्या पात्रात, गोट्यांवर खेळल्या. एकेक करून सगळ्यांनी सोडलं, मानसीने नाही सोडलं. पोलादपूरच्या शाळेत बुद्धरत्न सर होते, त्यांनी तिला मुलांच्या संघात घातलं, कारण मुलींचा संघच नव्हता. तिथून जिल्हा, मग पुण्याचं क्रीडा वसतिगृह, मग सतरा वर्षांखालचा भारताचा संघ. ती फॉरवर्ड. मी एकदा तिला विचारलं, तू मैदानात उभीच असतेस जास्त, पळतेस कधी? हसली. म्हणाली, काकी, फॉरवर्डचं काम पळायचं कमी आणि वाट बघायचं जास्त. समोरचा आपल्या सवयीने कधी चुकतो ते बघत राहायचं.

गेल्या साली ती मोठ्या संघात गेली. थायलंडला सामना होता, आम्ही सगळी वाडी बुद्धविहारात एका मोबाइलभोवती. शेवटी शेवटी तिला आत घेतलं. गोलकीपरच्या हातून चेंडू सुटला आणि ही तिथेच उभी. आम्हाला गोल दिसलाच नाही, नेट गेलं होतं. नेट आलं तेव्हा ती सगळ्या पोरींच्या खाली पडलेली होती. उज्वला रडायला लागली, तिला वाटलं पोरीला लागलं.

त्यानंतर गावाला साक्षात्कार झाला. फाट्यावर बॅनर लागला, 'आमच्या मातीतली सुवर्णकन्या'. बॅनरवर मानसीपेक्षा हैबतीचा फोटो मोठा, कारण तो गावकीचा, म्हणजे गावच्या पंचांचा, मुख्य. पेपरात त्याचं बोलणं छापून आलं की ही पोरगी आमच्याच शेतात खेळून मोठी झाली. तारेचं छापलं नव्हतं.

या जुलैत ती घरी आली ती दुखरा पाय घेऊन. मांडीच्या मागची शीर दुखावली होती, डॉक्टरांनी आराम सांगितला होता, आणि महिनाअखेर पुन्हा कॅम्पला हजर व्हायचं होतं. तिथे पाय तपासून संघ ठरणार. घरी लावणीची धांदल. धोंडूआजाचं म्हणजे तिच्या आजोबांचं एकच खाचर, वहाळाकाठी, रस्त्याला लागून. कुळकायद्याने मिळालेलं, त्यांच्या बापाने कोर्टात हेलपाटे घालून मिळवलेलं. वाडीत सगळ्यात चांगलं भात त्याच तुकड्यात होतं. घरचं वर्षाचं खाणं तेवढंच. सुशांत, मानसीचा बाप, महाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला, त्याच्या पगाराचा भरवसा कधीच नव्हता.

त्या रविवारी देवळाच्या सभामंडपात सत्कार ठेवला. पाऊस होता म्हणून आत ठेवला, नाहीतर आम्हाला आत कोण घेतंय. तालुक्याचे एक पुढारी आले होते, सगळे त्यांना साहेब म्हणत होते. धोंडूआजाला स्टेजवर खुर्ची दिली. धुतलेलं धोतर, डोक्यावर निळी टोपी, आणि खुर्चीच्या टोकावर असे बसलेले की कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं.

आता गावकीचा नारळ म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या गावात बांधाचं भांडण असो की सोयरिकीचं, ठरलेली गोष्ट नारळावर पक्की होते. मुख्याने नारळ सुपारी पुढे करायची. समोरच्याने हातात घेतला की बोल झाला. नको असेल तर खाली ठेवायला सांगायचं. पुढे कुणीही केलेला असो, भुईला टेकला की बोल मोडला, आणि मोडलेल्या बोलावर पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही. सोनबा म्हणून गावकीतले म्हातारे आहेत, त्यांच्या भावाने एकदा असा नारळ खाली ठेवायला लावला होता, तेव्हापासून त्या बांधाचं नाव कुणी काढलेलं नाही. हे सगळं आमच्या वाडीला ऐकून माहीत. आम्हाला कधी कुणी नारळ दिला नव्हता. आम्हाला निरोप यायचे, अमुक करा, तमुक करू नका.

साहेबांनी भाषण केलं की मानसीच्या नावाचं भव्य मैदान या गावात होणार. टाळ्या. मग हैबती माइकवर आला आणि म्हणाला की जागा वहाळाकाठची, रस्त्याला लागून आहे, धोंडूने मोठ्या मनाने गावाला द्यावी. पुढच्या रविवारी भूमिपूजन, मागोमाग मुरूम. असं बोलून त्याने नारळ सुपारी धोंडूआजाच्या पुढे केली.

आम्ही मंडपाच्या कडेला उभ्या होतो, आम्हाला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. उज्वलाने माझा हात धरला. धोंडूआजा उठले. दोन्ही हात पुढे केले, आणि नारळ घेतला. हैबतीची बोटं त्यांच्या तळहाताला लागली ती मी पाहिली.

घरी आल्यावर मानसीने विचारलं ते रागाने नव्हे, अगदी हळू.

"आजा, तुला ऐकू नाय आलं?"

म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "मी त्याचा हात बघत होतो गो. हातात दिलान त्यानं."

त्यांनी तो नारळ बाबासाहेबांच्या फोटोखाली फळीवर ठेवला होता. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी असं वाटलं की कुणीतरी हैबतीला त्या सभामंडपातून फरफटत न्यावं. सत्तर पावसाळे ज्या हाताची वाट बघितली, तो हात जमीन मागायला आला होता.

सोमवारी सुशांत कामावरून आला तर त्याचं म्हणणं वेगळंच. गावाशी वैर घेऊन राहायचं कसं, पोरीचं नाव लागतंय, उद्या सरकार नोकरी देईल. मानसी चुलीपुढे पाय लांब करून शेकत होती. तिथूनच म्हणाली, "माझ्या नावाच्या पाटीखालून माझी आई रेशनचा तांदूळ घेऊन येणार काय?" सुशांत त्या रात्री जेवला नाही.

मंगळवारी धोंडूआजा नारळ पिशवीत घालून हैबतीकडे गेले. भर पावसात अंगणात उभे. पडवीत ये असं कुणी म्हणालं नाही. हैबती झोपाळ्यावर बसून चहा पीत होता. त्याने सांगितलं की गावकीचा बोल गावकीपुढे, घरी आणून काय देतोस, रविवारी सगळं गाव असेल तेव्हा दाखव हिंमत. आणि लावणी करू नका म्हणाला, उगाच आवणाची रोपं फुकट घालवाल. म्हातारा भिजून परत आला आणि नारळ होता तिथे ठेवला. उज्वला म्हणाली, फोडून टाकू का कालवणात? तर तिच्यावर ओरडले. सून म्हणून घरात आल्यापासून पहिल्यांदा ओरडले.

बुधवारी आम्ही लावणीला उतरलो.

आमच्यात सावड असते. आज तुझ्या शेतात सगळी वाडी, उद्या माझ्या. धोंडूआजाचं खाचर दरवर्षी शेवटी, कारण वहाळाचं पाणी त्यात कायम असतं. त्याची पाळी आली होती आणि पाळी म्हणजे पाळी, हैबतीने सांगून ती चुकत नाही. पण चिखल करायचा पॉवर टिलर गावात एकच, हैबतीचा. माणूस पाठवला तर उत्तर आलं की टिलर बिघडलाय. टिलर पलीकडच्या शेतात आमच्या डोळ्यांदेखत भकभकत होता. बैल वाडीत आता कुणाकडे नाहीत.

मग पायांनी. कुदळीने ढेकळं फोडायची आणि पायाने तुडवायची, पाणी सोडायचं, पुन्हा तुडवायची. मानसी आली तशी उज्वलाने तिला बांधावरच अडवलं. तुझा पाय दुखावलाय, तुझं सगळं त्या पायावर आहे, घरी जा. मानसीने पिशवीतून पट्टी काढली, मांडीला करकचून गुंडाळली आणि आईच्या बाजूने आत उतरली. तिचा उजवा अंगठा काळानिळा, नख गेलेलं. नडगीवर बुटांचे जुने वळ. मी जन्मभर बायकांचे पाय बघत आले आहे, भेगाळलेले, कुजलेले, पण असे मार खाल्लेले पाय मी बघितले नव्हते.

चिखल पाय गिळतो. उपसायला जोर लावावा लागतो, आणि तो जोर नेमका त्याच शिरेवर येतो. थोड्या वेळाने तिचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, बस गो जरा. तिने मानेनेच नाही म्हटलं. पुढे एकदा पाय काढताना ती कळवळून वाकली, हात गुडघ्यावर टेकून उभी राहिली. उज्वला तिच्याकडे न बघता तुडवत होती, आणि तुडवता तुडवता शिव्या देत होती. हैबतीला, सुशांतला, साहेबाला, सासऱ्याला, त्या थायलंडच्या गोलकीपरला पण, तिने चेंडू सोडला नसता तर हे झालंच नसतं म्हणून. आम्ही हसलो. हसता हसता मला रडू आलं. देशाची पोरगी म्हणे. देशाच्या पोरीला गावात एक टिलर मिळत नव्हता.

धोंडूआजा बाजूच्या वाफ्यात आवण काढत होते. मुठी बांधत होते, खाली मान घालून. त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं आणि तेही कुणाशी बोलत नव्हते. मुठी मात्र कमी पडू दिल्या नाहीत.

शनिवारी दिवस मावळायच्या आत खाचर लावून झालं. नवी लावणी आधी मरगळते, तशी ती पिवळट उभी होती. मानसीला घरापर्यंत आम्ही दोघींनी धरून नेलं. कॅम्पचं काय करशील, मी विचारलं. म्हणाली, उद्याचं उद्या.

रविवारी पाऊस उघडला होता. साहेबांच्या गाड्या आल्या, मागून गाव आलं, पुढे ताशा. मुंबईच्या मंडळाचा ऋत्विक, हैबतीचा पुतण्या, कॅमेरा लावून तयार. रस्त्याच्या कडेला मंडप, त्यावर 'मानसी क्रीडांगण'. आणि मंडपाच्या मागे मैदान नव्हतं. लावलेलं भात होतं, चारी बांधांना टेकलेलं पाणी, आणि बांधावर आमची सगळी वाडी.

साहेबांनी हैबतीकडे बघितलं. ते बघणं मला फार आवडलं, खोटं कशाला सांगू.

हैबती तरातरा बांधावर आला. त्याचा आवाज चढलेला. धोंडूने भर सभेत नारळ घेतलाय, सगळ्या गावाने बघितलंय, आता ही कसली मस्ती, मुरूम या भातावर पडेल. धोंडूआजा माझ्या शेजारी उभे होते. मानसी पुढे झाली. भारताचा निळा शर्ट घातला होता, खाली जुनी ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. लंगडत होती. आधी ती वहाळात उतरली आणि हात धुतले. अगदी सावकाश, कोपरापर्यंत, नखं सुद्धा घासून. टॉवेलला कोरडे केले. मग पिशवीतून तो नारळ काढला, वर सुपारी ठेवली, आणि रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी हैबतीच्या पुढे धरला.

"गावकीपुढं आणा म्हणालात. आणलाय. घ्या."

ताशा थांबला होता. हैबतीने नारळाकडे बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं. त्याचा उजवा हात थोडा वर आला होता, तो त्याने मागे घेतला. विचार करून नाही घेतला, त्याला विचार करायला वेळच नव्हता. तापल्या तव्यापासून घ्यावा तसा आपोआप गेला.

"ठेव खाली," तो म्हणाला.

मानसी वाकली. दुखरा पाय मागे ताणत वाकली आणि नारळ बांधावर ठेवला. नीट ठेवला, गडगडू नये असा. मग सरळ होऊन उभी राहिली.

कुणालाच क्षणभर काही कळलं नाही. हैबतीलाही नाही. तो पुढचं बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मागून सोनबा काठी टेकत आले. त्यांनी नारळाकडे बघितलं.

"भुईला टेकला रे, हैबती," ते म्हणाले. "तूच ठेवायला लावलास."

हैबतीने सांगून बघितलं की तिचे हात चिखलाचे होते. सोनबा म्हणाले, "हात धुतलेन तिनं. आम्ही सगळ्यांनी बघितला." गावकीतल्या कुणी हैबतीची बाजू घेतली नाही. आमच्यावर माया आली म्हणून नव्हे. मोडलेला बोल पुन्हा जोडला तर त्यांच्याही बांधांची जुनी भांडणं उद्या उठली असती. सोनबांना त्यांचा बांध दिसत होता, आम्ही नाही. एवढं मला कळतं.

साहेब शहाणे. घड्याळ बघितलं, म्हणाले की शेतकऱ्याचं उभं पीक मोडून आपल्याला काही करायचं नाही, गावाने दुसरी जागा सुचवावी. कुणीतरी मागून बोललं की देवळाखालचं खाचर मोठं आहे. हैबतीने वळून बघितलं, पण कोण बोललं ते त्याला सापडलं नाही. मीच बोलले होते. गाड्या गेल्या, मागून ताशा गेला, बॅनर तेवढा उरला. ऋत्विक तो उतरवायला आला तेव्हा त्याने आमच्याकडे बघितलं नाही.

गाव पांगल्यावर उज्वलाने पोरीला विचारलं, तुला ठाऊक होतं का तो हात मागे घेईल म्हणून? घेतला असता नारळ तर बोल पक्का झाला असता, मग काय केलं असतंस?

मानसी बांधावर बसून मांडी चोळत होती. "चौथीत असताना त्यांची छत्री पडली होती वाटेत," ती म्हणाली. "मी पळत नेऊन दिली. तेव्हापण असंच म्हणाले, ठेव खाली. तेव्हापासून ठाऊक हाय."

चौथीपासून. आणि घरी येऊन पोरीने ते कुणाला सांगितलं नव्हतं. मला तिथल्या तिथे हैबतीच्या दारात जाऊन थयथयाट करावासा वाटला, अजूनही वाटतो. जमीन वाचली म्हणून लोक मला सांगतात, झालं गेलं विसर. जमीन आमचीच होती. जे आमचंच होतं ते वाचवायला पोरीला सगळ्या गावापुढे तोच अपमान पुन्हा मागून घ्यावा लागला, आणि तोही स्वच्छ हात धुऊन. त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी ती कॅम्पला गेली, पाय तसाच घेऊन. संघात घेतात की नाही ते अजून कळलेलं नाही. उज्वला रोज फोन चार्ज करून उशाला ठेवते.

पण त्या रविवारचं राहिलंच. धोंडूआजा एवढा वेळ नारळाजवळ उभे होते. उज्वला म्हणाली की भातात चिंबोऱ्या मिळाल्यात, आता तरी वाटणाला घेऊ का? म्हाताऱ्याने ऐकलं नाही. आपला उजवा तळहात उघडून त्याच्याकडे बघत होते.

"म्हणजे माझ्या हातात दिलान तो..." एवढंच बोलले.

"जमीन पायजे होती, आजा," मानसी म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग धोतराचा सोगा वर खोचला, पाय मागे नेला आणि त्या नारळाला लाथ घातली. जन्मात कधी कशाला लाथ न घातलेला माणूस, नारळ जेमतेम हातभर सरकला आणि अंगठा मात्र ठेचला.

"टोकानं नको, आजा," मानसी बसल्या जागेवरून म्हणाली. "पायाच्या आतल्या बाजूनं मार."

त्यांनी पाऊल आडवं केलं, पुन्हा मारला. नारळ बांधावरून घरंगळत वहाळात पडला, एकदा खाली जाऊन वर आला, आणि गढूळ पाण्याबरोबर निघून गेला.